तापीच्या हद्दीबाहेर

२० जानेवारी २०२५, सोमवार. ब्राह्मणपुरी.
नवी वही. निवृत्त ग्रामसेवकाला लिहिल्याशिवाय करमत नाही, एवढंच कारण. कोणी वाचणार नाही, म्हणून खरं तेच लिहिणार.
चेतनाने सुरतेहून क्रूझची तिकिटं पाठवली. २९ तारखेला मुंबईहून निघायचं, गोवा, कोची, परत मुंबई. आई दोन वर्षं घराबाहेर पडली नाही पप्पा, तिला समुद्र दाखवा, असं म्हणाली. लेक गुणाची.
माहितीपत्रक पूर्ण वाचलं. पान तीन: वाइन, शॅम्पेन, स्पिरिट्स, सगळं कॉम्प्लिमेंटरी. केव्हाही, कितीही. चेतनाने हे पान वाचलेलं दिसत नाही. मी केवळ माहितीसाठी चार वेळा वाचलं.
मला फरक पडत नाही. दोन वर्षांत थेंब नाही.

२२ जानेवारी
एक नोंद इथे करून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको.
३१ जानेवारी २०२३, माझी निवृत्ती. विसरवाडीला निरोप समारंभ. नंतर हायवेवरच्या हॉटेलात मंडळींनी आग्रह केला, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. शेवटची एसटी गेली. घरी बायकोला फोन केला, धीरजला गाडी घेऊन पाठव म्हटलं. बेबीबाई म्हणाली, पोरगा आत्ताच ताटावर बसलाय. मी म्हटलं, उठव. आवाज थोडा चढला असेल. पण पोटात गेल्यावर माणूस बोलत नाही, दारू बोलते, हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. नंदुरबारच्या अलीकडे त्याच्या वाटेत अंधारात उसाची ट्रॉली उभी होती, मागे लाल फडकंसुद्धा नाही. शंभर टक्के ट्रॉलीवाल्याची चूक. धीरज सव्वीस वर्षांचा होता. विषय बंद.
तेराव्याला प्रकाशाला तापीत गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. ओंजळीत पाणी उचललं. आमच्याकडे तापीचं पाणी उचललं की पुढे साक्षीपुरावा लागत नाही. शपथेचे शब्द माझे: तापीच्या दोन्ही काठांवर दारूला शिवणार नाही. तीस वर्षं पंचायतीचे ठराव लिहिले, मसुदा कच्चा राहत नाही. बेबीबाई काठावर होती. एवढंच म्हणाली, हाई पानी मोडनं तं मी चेतनाकडे निघी जासू, मंग येवाव नही.
ती धमकी देणारी बाई नाही, गेली तर परत येणार नाही म्हणजे नाही. म्हणूनच जपून राहावं लागतं.

२७ जानेवारी
बॅगा भरल्या. बेबीबाईने काय काय घेतलं: शेव, लाल मिरचीच्या ठेच्याची बरणी, आणि प्रकाशाहून भरून आणलेली तापीच्या पाण्याची बाटली. ३१ तारखेला मावळतीला धीरजच्या नावाने समुद्रात सोडणार. तुम्हीन फक्त जोडे उभा ऱ्हा, म्हणाली. बस्स, शेजारी उभं राहायचं, एवढीच अपेक्षा.
मी तिला समजावलं, तापी सुरतेपुढे समुद्राला मिळतेच, बाटली वाहून न्यायची गरज काय? ती म्हणाली, मंग तो समुद्र बी तापीनाच शे ना. मुद्दा विषयाला धरून नव्हता. सोडून दिला.
संकल्प: ३१ ला सहाच्या ठोक्याला डेकवर हजर. तोवर लिंबूसरबत.

२९ जानेवारी, दुपारी ४. जहाजावर.
जहाज कसलं, शहाद्याच्या बसस्टँडवर सात मजले चढवलेत असं वाटतं. दारातच एका मुलीने शॅम्पेनचा ग्लास हातात दिला. मी नको म्हटलं. मोठ्याने म्हटलं, बेबीबाईला ऐकू जाईल असं. ती बघतही नव्हती, समुद्र बघत होती.
चौथ्या मजल्यावर बार. सहज फेरी मारली. काउंटरमागे तिशीपस्तिशीचा मिशीवाला, छातीवर पाटी, दिवाल्या पावरा. गाव विचारलं तर तोरणमाळ! एवढ्या समुद्रात आपल्या जिल्ह्याचा माणूस. बेबीबाईला मुद्दाम भेटवला. ती त्याच्याशी दहा मिनिटं बोलत बसली आणि ठेच्याची बरणीच देऊन टाकली. काय बोललात म्हणून मी विचारलं नाही. बायकांचं बोलणं.
लिंबूसरबत दोन.

३० जानेवारी, सकाळी ११
झोप नीट नाही. विचार केला. शपथेचा मसुदा पुन्हा तपासला. तापीच्या दोन्ही काठांवर. जहाज कुठल्या काठावर आहे? एकाही नाही. हद्दीबाहेरच्या बाबीला ठराव लागू होत नाही, हे नवा शिपाईसुद्धा सांगेल.
तरीही स्पिरिट्सना हात लावायचा नाही. ती दारू. शॅम्पेनचं वेगळं. दिवाल्याला विचारलं, हे नक्की काय असतं? द्राक्षाचा रस असतो काका, फेस येतो, म्हणाला. आयुष्यात कधी चाखलेली नाही. शिवाय चेतनाने भरलेल्या तिकिटातलं आहे, टाकून देणं म्हणजे लेकीच्या कष्टाचा अपमान.
ठराव मंजूर. सूचक मी, अनुमोदक मी.
दिवाल्या म्हणाला, तुमच्यासाठी वेगळी बाटली ठेवलीय काका. ओळखीचा उपयोग होतो तो असा.

३० जानेवारी, सायंकाळी ५
तीन ग्लास. गोडसर. वास जवळजवळ नाही, भारी मालाला वास नसतोच. तिसऱ्याला कानशिलं गरम झाली. चढते, पण सभ्यपणे. दोन वर्षांनी छातीवरचा दगड हलल्यासारखं वाटलं.
बेबीबाई केबिनमध्ये खिडकीशी. तोंडाला वास येतो का, असं मी विचारलं नाही, लांबूनच बोललो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे वळली. म्हणजे कळलेलं नाही.

३१ जानेवारी, दुपारी ३:३०
आज दोन वर्षं झाली. सकाळपासून ती जेवलेली नाही. मी जेवलो, प्रकृतीसाठी.
सहाला डेकवर जायचं, नक्की. आजचा दिवस जड आहे, मनाला आधार म्हणून एकच ग्लास.

३१ जानेवारी, ५:१५
पाचवा. अक्षर ओळ सोडून चाललंय. दिवाल्या म्हणाला, काका, काकू वर वाट बघत असतील. त्याला म्हटलं, तू तुझं काम कर.

१ फेब्रुवारी, सकाळी १०
कालचं काही आठवत नाही.
आठवतं ते असं. वर पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते, सूर्य पाण्याला टेकला होता. बेबीबाई कठड्याशी बाटली पदरात धरून उभी. शेजारी नाशिकच्या कोणी हेमांगीताई आणि त्यांचे यजमान. बेबीबाईने त्यांना धीरजचं सांगितलं असावं, कारण ताईंचे डोळे ओले होते. मला ते खटकलं. घरातल्या गोष्टी परक्यांना कशाला?
मी म्हटलं, सांगते आहेस तर सगळं सांग. ताटावरून कोणी उठवलं त्याला? मी विसरवाडीला होतो. ताटाशी तू होतीस. आईने नाही म्हणायला हवं होतं. तू उठवलंस. तू पाठवलंस.
मोठ्याने म्हटलं. डेकवरचं संगीत कोणीतरी बंद केलं.
मग मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि समुद्रात फेकली. झाकण न उघडता. ती बुडाली नाही. लाटांवर तरंगत मागे मागे जात राहिली. बेबीबाई ती दिसेनाशी होईपर्यंत बघत उभी होती.
तिला आजवर मी रडताना पाहिलं आहे. काल रडली नाही.

१ फेब्रुवारी, दुपारी १
माफी मागितली. रीतसर. कबूल करून टाकलं, काल शॅम्पेन घेतली होती, पाच ग्लास. हद्दीचा मुद्दाही समजावला. म्हटलं, बेबी, कालचं ते मी बोललो नाही. दारू बोलली. चौतीस वर्षांत हे वाक्य प्रत्येक वेळी चाललं आहे.
ती साडीच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, त्या ग्लासमा काहीच नव्हतं.
मला वाटलं, मनाला लावून घेतलंय.

१ फेब्रुवारी, दुपारी २
खाली जाऊन विचारलं. दिवाल्याने काउंटरखालून बाटली काढली. द्राक्षाच्या घोसाचं चित्र, खाली शून्य. अल्कोहोल शून्य. लहान मुलांच्या वाढदिवसाला देतात म्हणे. पहिल्याच दिवशी काकूंनी माझे हात धरले, म्हणाला. मागतील तितकं हेच द्या, नाही म्हणू नका, नाही म्हटलं की ते दुसरीकडे जातात. माफ करा काका.
तो खाली मान घालून ग्लास पुसत राहिला. पुसलेलाच ग्लास.

२ फेब्रुवारी, रविवार. मुंबईहून परतीची गाडी.
शांतपणे विचार केला. परिस्थिती माझ्या बाजूची आहे. थेंबही पोटात गेलेला नाही, म्हणजे शपथ शाबूत. शपथ शाबूत, म्हणजे तिची अट लागूच होत नाही. तिला जाता येत नाही. हे मी वापीच्या आसपास तिला समजावून सांगितलं.
तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, पानी नही मोडनं. तरी बी मी जास.
मी विचारलं, का?
ती म्हणाली, दारू बोलस, अशी समजीसन चौतीस वरीस काढात मी.
सुरतेला फलाटावर चेतना उभी होती. बेबीबाई आपली बॅग घेऊन उतरली. शेवेचा डबा माझ्याकडे ठेवला, नंदुरबारपर्यंत भूक लागेल म्हणून. चेतनाने पप्पा म्हणून हात केला. तिला अजून काही सांगितलेलं नसावं. दोन-चार दिवसांत येईल परत. माझा अंदाज चुकत नाही.

५ फेब्रुवारी, सकाळ. ब्राह्मणपुरी.
शेजारचा छगन आला. वहिनी नाहीत तर बसू या, म्हणाला. बाटली सोबत आणली होती, खरी. मी नाही म्हटलं. तब्येतीचं कारण सांगितलं.
खरं कारण: भीती वाटली. पिऊन मी बोललो तर ऐकायला घरात आता मीच आहे. कोणी वाचणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

५ फेब्रुवारी, दुपारी १
सुरतेला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, पाच ओळी. मसुदा चांगला झाला होता.
चेतनाने उचलला. पप्पा म्हणाली नाही. आई आत्ताच ताटावर बसलीय, उठवू का, असं विचारलं.
नको म्हटलं. जेवू दे तिला.