लोकरी मोज्यांवरची धाव

१४ जानेवारी, मंगळवार

कॉफी ओतता ओतता समोरच्या घरातली हिल्का म्हणाली, "मुलगी म्हणते, औलू शहरात राहायला ये कायमची. रविवारपर्यंत कळवायचंय." एवढंच! आणि वर विचारते, "बन घेणार?"

घेतला. वेलचीचा होता. चव लागली नाही.

तिच्या धुराड्यातून धूर निघाला की माझा दिवस उजाडतो. सूर्याचं काय, इथे उत्तरेत हिवाळ्यात तो दहाला उठतो! "जाऊ नकोस" म्हणायचं होतं. म्हणालो, "बन छान झालाय."

१५ जानेवारी, बुधवार

ठरलं! सरळ बोलणं जमत नाही, तर कवितेतून बोलावं. चौथीत बाईंनी पाठ करून घेतलेली – बर्फाने वाकलेलं झाड उडू पाहणाऱ्या पाखराला थांब म्हणतं, ती. म्हणता म्हणता तो वर्गच समोर आला. शेगडीभोवती वाळत घातलेले ओले हातमोजे, त्यांचा तो उबट वास... आता कुठे गेली ती मुलं!

१६ जानेवारी, गुरुवार

तिसऱ्या कडव्याला अजून अडतो. हिल्का अंगणातला बर्फ ओढत होती. गेलो नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

पाय शेगडीशी ठेवून लिहितोय.

पहाटे खिडकीतून पाहिलं – हिल्काच्या दाराला खराटा टेकवलेला! म्हणजे घरात कोणी नाही. आमच्या गावात याहून मोठं कुलूप कुणी लावत नाही. धुराडंही थंड. आणि औलूची पहिली बस सहाची, चर्चपाशी!

बूट सापडेनात. तसाच लोकरी मोज्यांवर पळत सुटलो. अंगात झोपायचा सदरा, थंडी उणे अठरा. कोरड्या बर्फावर लोकर घसरत नाही, म्हणून तर इथे दर वर्षी मोज्यांवरची शर्यत होते. यंदाची उद्या.

शर्यतीचा सर्वेसर्वा तौनो दारात फावडं घेऊन उभा. "अरे एन्सिओ! सराव आज आहे होय? मला कुणी सांगेल तर शपथ!" बूट भिरकावले आणि गडी माझ्या मागे. मग बेकरीवाली पिर्को. तिच्या मागे तिचा नवरा, हातात लाटणं. पुढे कोण कोण, देव जाणे. का पळतोय, हे कुणी विचारेना! आमच्यात विचारत नाहीत.

"आजोबा, दमानं घ्या! उद्यासाठी ठेवा थोडं!" – पिर्को.

बस उभी होती. आत डोकावलो. रिकामी! ड्रायव्हरने माझ्यामागची वरात पाहिली. "सगळेच येणार?"

तेवढ्यात मागून – "एन्सिओ, पळतोयस कशाला?"

हिल्का! सगळ्यांच्या शेवटी, लाल मोज्यांत, धापा टाकत. घरातच होती बाई! रात्री पायरी झाडली, खराटा दाराला टेकवला आणि मागच्या दाराने आत जाऊन विसरली. मला पळताना पाहिलं, वाटलं कुठे आग लागली.

मी कविता सुरू केली. "बर्फ..." श्वास संपला.

"दिसतोय मला बर्फ," हिल्का म्हणाली.

"जाऊ नकोस."

मग तौनो, हळूच – "म्हणजे सराव नव्हता?"

परतताना हिल्का माझ्या बरोबरीने चालली.

१८ जानेवारी, शनिवार

पाय उचलवत नाहीत, शर्यत हुकली. हिल्का सूप घेऊन आली. चमचा माझ्या हातात देत म्हणाली, "मुलीने माझ्यासाठी बघितलेल्या घराला खोल्या तीन आहेत."

"बरंच मोठं आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग भांडं उचलून गेली. सूप अजून संपलं नव्हतं! माझं काय चुकलं?

१९ जानेवारी, रविवार

पहाटे चारला झोपेतून उठून बसलो. तीन खोल्या!! एकटीला कशाला तीन?

२८ जानेवारी, मंगळवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, औलूची बस फार हलते. खिडकीची जागा हिल्काने घेतली.