हवेवरचं पॅलेट

शिरूर, ८ जानेवारी २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
सत्यजीतचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पुन्हा कागद घेतला. आईचे गुडघे थंडीनं धरलेत. बाकी घरचे सगळे ठीक.

कामाची एक अडचण आहे. पंपाच्या बॉडीचं मोठं काम मिळालंय, महिन्याला सहाशे नग. आपली पद्धत तुम्हाला माहीतच आहे. जॉब व्हाइसच्या जबड्यात धरायचा, डायलचा काटा लावून सरळ करायचा. नवा जॉब आला की पाऊण तास मशीन नुसती उभी. आता पॅलेट घ्यायचं ठरवलंय. म्हणजे जाड प्लेट. एका प्लेटवरच्या जॉबचं काम मशीनमध्ये चालू असतं, तेवढ्यात दुसऱ्या प्लेटवर पुढचा जॉब बाहेरच बांधून ठेवायचा. आत गेला की लगेच काम सुरू.

त्यात दोन प्रकार आहेत. एक साधा, पिनांवर बसवून चार बोल्ट हातानं आवळायचा. दुसरा हवेवरचा. बटण दाबलं की पकड सुटते, सोडलं की प्लेट खट्‌कन बसते. पुण्याच्या प्रदर्शनात पाहिला, दोन मिनिटांत काम. रांजणगावच्या मोठ्या कंपन्यांत तोच असतो.

सीमा मात्र बोल्टवाला घ्या म्हणते. न्हावऱ्याची सीमा, आपली मशीनवरची ऑपरेटर, तुम्हीच तिला डायल धरायला शिकवलं होतं, आता सहा वर्षं झाली. तिचं म्हणणं, की दुपारी दोन्ही मशिनी चालू असल्या आणि हेल्पर सुदर्शन हवेनं नग साफ करत असला की आपल्या कॉम्प्रेसरचा दम जातो. हवेवरच्या पॅलेटमध्ये प्लेट बसायच्या आधी बैठकीवरचे लोखंडाचे कण हवाच उडवते. हवा कमी पडली तर कण खालीच राहणार. मला ती जरा जास्तच काळजी करते असं वाटतं. तुमचं मत कळवा.

मामींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच असू द्या.

तुमचा,
सत्यजीत

---

दौंड, १५ जानेवारी २०२४

चि. सत्यजीतला मामाचे आशीर्वाद. वि. वि.

आज संक्रांत. तुझी मामी म्हणते, तिळगूळ पाकिटात घाल. मी म्हणलं, पोस्टातनं पार भुगा होऊन पोचंल. तवा कोरडंच गोड बोल.

माझे कान रेल्वेच्या लोको शेडनं ठेवून घेतले, पण डोळे अजून हायेत. तुझं पत्र वाचलं. प्रदर्शनात नवरी बघू नये बाबा. तिथं सगळ्याच नटलेल्या असत्यात. हत्यार निवडायचं ते आपल्या सगळ्यात वाईट वेळेला धरून. तुझी वाईट वेळ म्हंजी दुपारचे तीन. तवा कॉम्प्रेसरजवळ उभा राहा आन् हवेच्या दाबाचं गेज बघ. पॅलेटवाला किती हवा मागतो ते त्याला विचार. दोन्ही आकडे कागदावर लिही. त्यात काय ते उत्तर हाय. मला विचारायचं कारण न्हाई.

आन् जी पोरगी आठ तास त्या मशीनपुढं उभी असती ती कमी बोलत असंल तर जास्त ऐकावं.

अक्काला सांग, तेल कोमट करून चोळ. आमची आठवण ठेव.

बबनराव

---

शिरूर, २० मार्च २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
सत्यजीतचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागवू नका. हवेवरचं पॅलेट घेतलं. वसंत पंचमीला पूजा केली. पंपाचं काम देणाऱ्या कंपनीचे साहेब स्वतः आले होते. आईच्या हातानं बटण दाबून सोडलं आणि प्लेट खट्‌कन बसली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईला वाटलं तिनं काहीतरी मोडलं! घाबरून हात मागे घेतला. तुमच्या सूनबाईनं, सुलक्षणानं, जिलेबी वाटली. शेजारच्या वर्कशॉपवाले दोनदा बघून गेले. फोटो सोबत पाठवतो आहे.

मध्यंतरी बॉडीची एक लॉट परत आली. आतलं बोअरचं भोक केसाच्या निम्म्यानं वाकडं होतं. बैठक नीट पुसली गेली नाही, सीमाच्या हातून चूक झाली. ती आता येत नाही.

कैऱ्या यंदा बऱ्या धरल्यात. लोणच्याला पाठवीन. मामींची साखर कशी आहे ते कळवा. प्रेम असू द्या.

तुमचा,
सत्यजीत

---

दौंड, २७ मार्च २०२४

चि. सत्यजीतला आशीर्वाद. वि. वि.

फोटो पोचला. अक्का छान दिसती. तुझी मामी बरी हाय.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पूजेला अर्धं पान दिलंस आन् सहा वर्षं कामाला असलेली बाई गेली त्याला दीड ओळ. मग लगेच कैऱ्या.

मी हे लिहिणार नव्हतो, पण लिहितो. सीमा गेल्या रविवारी इथं आली होती. न्हावऱ्याहून एस्टीनं, एकटी. मला वाटलं तुझ्या तक्रारी सांगायला आली. तुझ्याबद्दल एक वाईट शब्द बोलली न्हाई. माझ्या कानाचं तिला ठाऊक, म्हणून वही घेऊन आली होती. तिनं बैठकीचं चित्र काढलं आन् खाली लिहिलं, की मामा, फडक्यानं चारी कोपरे पुसले तरी कण राहू शकतो का? मी दर वेळी पुसत होते, पण एखाद्या वेळी राहिलं असंल माझ्याकडून. मी विचारलं, हवा किती होती? तिनं लिहिलं, हवा सहा होती, गेज साडेचार दाखवायचं पण दादा म्हणले ते गेज खराब हाय.

मग ती माझ्यापुढं बसून आपल्या हाताकडंच बघत राहिली.

सत्यजीत, गेज खराब होतं का? मला उत्तर पाठवायची घाई न्हाई. आधी तू सोत्ताला दे.

बबनराव

---

शिरूर, २ एप्रिल २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
सत्यजीतचा नमस्कार. वि. वि.

गेज खराब नव्हतं.

तुमचं जानेवारीतलं पत्र आल्यावर मी तीन वाजता उभा राहिलो होतो. साडेचार दिसलं. पॅलेटवाल्याला सहा हवी होती. त्यानं मला विचारलं, तेव्हा मी त्याला सहा आहे म्हणालो. मला तेच पॅलेट हवं होतं, मामा. साहेबांनी येऊन बघावं, आपलं वर्कशॉप मोठ्या कंपनीसारखं दिसावं, एवढंच डोक्यात होतं. मोठा कॉम्प्रेसर नंतर घेऊ म्हटलं आणि ते राहूनच गेलं.

मशीन चालू झाल्यावर सीमानं दोनदा सांगितलं, की दादा, हवा कमी दाखवतंय. दुसऱ्या वेळी मी चिडून म्हणालो, की ते गेज खराब आहे, तू काम कर. तिनं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला.

लॉट परत आली तेव्हा साहेब मशीनपाशीच उभे होते. त्यांनी प्लेट उचलायला लावली. खाली एक बारीकसा चकाकता कण दाबून बसला होता. कुणाची चूक, असं त्यांनी विचारलं. सीमा माझ्या शेजारी उभी होती. मी म्हणालो, ऑपरेटरनं बैठक पुसली नाही. साहेबांनी रिजेक्शनच्या कागदावर तिचं नाव लिहिलं आणि ऑपरेटर बदला म्हणाले. मी हो म्हणालो. तिनं ॲप्रन काढून घडी घालून टेबलावर ठेवला आणि गेली.

ती चिडली असेल असं मी धरून चाललो होतो. ते सोपं होतं. तिनं माझं खरं मानलंय आणि चूक स्वतःत शोधतेय, हे तुमच्या पत्रात वाचलं तेव्हापासून जेवण जात नाही. सुलक्षणा विचारते काय झालं, तिलाही सांगितलेलं नाही. तुम्हीच सांगा मी काय करू.

सत्यजीत

---

दौंड, ६ एप्रिल २०२४

चि. सत्यजीत,

हे पत्र चुकीच्या पत्त्यावर आलं. माझं तू काही बिघडवलं न्हाईस. न्हावऱ्याला जा. दिवसाउजेडी जा, घरच्यांसमोर बोल. फोन करू नको.

चूक कबूल करायला गेलास तर मी तुझा मामा हाय. रडायला जाणार असशील तर जाऊ नको, तिला आणखी एक काम लागंल.

बबनराव

---

शिरूर, २१ एप्रिल २०२४

तीर्थस्वरूप मामांस,
सत्यजीतचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पाडवा झाल्यावर दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याला गेलो. सीमाची सासू, धुरपदाबाई, ओट्यावर कांदा निवडत होत्या. मी मालक म्हणून त्यांनी उठून पदर सावरला, चहा ठेवला. मला वाटलं जमीन दुभंगावी. त्या म्हणाल्या, आमच्या सुनेकडून तुमचं नुकसान झालं, ती गरीब हाय पण कामचुकार न्हाई, माफी असू द्या. त्या माझी माफी मागत होत्या, मामा.

सीमा गोठ्यातून आली. मी तिथंच, धुरपदाबाईंसमोर सगळं सांगितलं. गेज बरोबर होतं. हवा साडेचारच होती. मला आधीपासून माहीत होतं. साहेबांपुढं मी खोटं बोललो.  मग तिनं एवढंच विचारलं, की म्हणजे मी पुसलेलं नीट होतं ना? मी हो म्हणालो. ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. धुरपदाबाईंनी माझ्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला. 

मी सीमाला परत कामावर ये म्हणालो. ती म्हणाली, ते नंतर बघू. जिथं बोललात तिथंच, ज्यांच्यापुढं बोललात त्यांच्यापुढंच आधी सांगा.

गेल्या शुक्रवारी साहेबांना बोलावलं. खोटं सांगून नाही, कशासाठी ते आधीच कळवून. सीमा एस्टीनं आली. सुदर्शन आणि सगळे कामगार मशीनपाशी उभे होते. न्हावऱ्याला सांगितलं तेच सगळं त्यांच्यापुढं सांगितलं.  साहेब रिजेक्शनचा कागद पुढे करून शांतपणे म्हणाले, मग इथं नाव कुणाचं लिहू? मी म्हणालो, माझं लिहा. त्यांनी कागदावरचं सीमाचं नाव खोडलं, माझं लिहिलं आणि खाली माझी आणि तिची सही घेतली. निम्मं काम त्यांनी दुसरीकडे दिलंय. उरलेलं तीन महिने बघून ठरवणार. ते गेल्यावर सुदर्शन म्हणाला, दादा, गेज चांगलं हाय हे आम्हाला बी दिसत होतं, पण तुम्ही म्हणला म्हणून आम्ही गप्प बसलो. 

पॅलेटचं विचाराल तर दुसऱ्या मशीनवर बोल्टवाली प्लेट लावली आहे. पिना कुठं हव्यात ते त्या दिवशी सीमानंच खडूनं आखून दिलं. हवेवरचं पॅलेट मोठा कॉम्प्रेसर येईपर्यंत झाकून ठेवलंय.

आखून झाल्यावर तिनं हात धुतले. मी पुन्हा विचारलं, सोमवारपासून येशील का? पगार, वेळ, सगळं तू म्हणशील तसं. तिनं त्या खोडलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला. सुप्याला एका ठिकाणी काम बघितलंय, तिथं दाखवायला लागेल म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, की दादा, राग गेला माझा. तुम्ही घरी आलात, चारचौघांत बोललात, कोण बोलतंय एवढं? पण मशीनमध्ये हात घालताना मालकानं सांगितलेलं खरं आहे असं धरूनच घालावा लागतो. तुमच्याकडे तसा हात आता माझ्याच्यानं घालवणार नाही.

स्टँडपर्यंत सोडतो म्हणालो, तर नको म्हणाली. चालत गेली.

आईला आणि सुलक्षणाला सगळं सांगितलंय. घरात कुणी फारसं बोलत नाही. मामींना नमस्कार. लोभ मागायचा आज धीर होत नाही, पण तो तुम्ही काढून घेऊ नका.

तुमचा,
सत्यजीत