अंकुरला उचलताना

९ नोव्हेंबर

आज अंकुर हातातून सुटला!

न्हाणीतल्या स्टुलावरून व्हीलचेअरवर घेत होते. रोजचंच. एक हात त्याच्या काखेत, एक गुडघ्यांखाली, श्वास धरायचा आणि उचलायचं. जन्मापासून त्याचे पाय चालत नाहीत. एकवीस वर्षांचा झाला, मी अजून तसंच उचलून राहिले. आज कमरेत असं काही सणकलं की पायातला जीवच गेला. दोघंही खाली! माझ्या अंगावर पडला म्हणून वाचला.

घाबरला की तो हसतो. तसाच हसत होता. "लागलं का रे?" तर म्हणे, "नाही. तुला?"

ओल्या फरशीवर एवढा मोठा मुलगा मांडीवर घेऊन बसून होते. उठताच येईना. शेवटी ओरडून वरच्या जैन भाभींना बोलावलं.

अंकुरचे बाबा, दिवाकर, फॅक्टरीतून आले तेव्हा एवढंच सांगितलं — पाय घसरला.

११ नोव्हेंबर

डॉक्टरांनी पाठीला पट्टा दिला, गोळ्या दिल्या. "पूरा आराम. वजन बिल्कुल नहीं उठाना."

मी म्हटलं, "डॉक्टर साहब, वजन मेरा बेटा है."

त्यांनी दिवाकरकडे बघितलं. दिवाकर भिंतीवरच्या मणक्याच्या चित्राकडे बघत बसले.

२१ नोव्हेंबर

पडून आहे. सिहोऱ्याहून पुष्पाताई आल्यात — माझी मोठी नणंद. त्या आणि दिवाकर मिळून अंकुरला चादरीतून उचलतात. मला इथे खोलीत सगळं ऐकू येतं. "अरे पाय धर, पाय!" मग अंकुरचं ओरडणं. मी उठायला गेले की पुष्पाताई दारातूनच — "बेबी, पड तू!"

आयुष्यात इतकी पडून राहिले नव्हते. बाळंतपणातसुद्धा नाही.

६ डिसेंबर

पुष्पाताई गेल्या. आजपासून घर माझं.

पण हे काय झालंय? तापातून उठल्यासारखे पाय कापतात. ओट्याशी दोन पोळ्या लाटल्या की पाठ पेटते. इतका आराम केला तर कमी व्हायला पाहिजे ना? वाढून काहून राहिलं? पट्टा अजून घट्ट केला. तो काढला की वाटतं मधूनच मोडून पडेन.

साडी बदलताना मांड्या बघितल्या. माझ्या वाटल्याच नाहीत. दंडाची कातडी लोंबते. पुष्पाताई जाताना म्हणाल्या होत्या, "बारीक झालीस गं, छान दिसून राहिली!"

१९ डिसेंबर

आज उचललं त्याला. कोणाला सांगितलं नाही. दुपारभर जमिनीवर पालथी पडून होते.

२ जानेवारी

एमआरआयचा रिपोर्ट आला. गादी सरकलेली नाही, नस दबलेली नाही, गाठ नाही. "उम्र के हिसाब से ठीक है," डॉक्टर म्हणाले.

दिवाकर तिथेच देवाला हात जोडायला लागले. मला मात्र रडू आलं. काहीतरी निघावं असं वाटत होतं मला! निघालं असतं तर कापून काढलं असतं. आता दुखणं तर आहे आणि कारण नाही. लोक म्हणतील, नाटक करते.

८ जानेवारी

फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. अंबरीश नाव. इथल्याच चेरीतालचा मराठी मुलगा, पण हिंदीत वाढलेला. आधीच सांगून टाकलं — "काकू, समजते सगळं, बोलताना गडबड होते."

मला खुर्चीत बसवलं. म्हणाला, हात न टेकता उठा.

नाही उठता आलं! पुन्हा. नाही. मी चोपन्नची आहे, ऐंशीची नाही!

मग त्याने एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली. मणक्याच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवलं. "डॉक्टर साहब ने हड्डी देखी. आता हे बघा. इथे मसल पाहिजे, भरलेला. तुमचा सुकला आहे. मध्ये हे पांढरं आहे ना, ती चरबी. पाठीला पकडून ठेवणारं कोणी उरलंच नाही, काकू. कूल्हे के भी वही हाल. मग सगळा लोड कुठे येणार?"

"पण मी तर आराम केला."

"तोच तर! दुखते म्हणून पडून राहिलात, पडून राहिलात म्हणून मसल गेला, मसल गेला म्हणून आणखी दुखून राहिलं. आणि दिवसभर पट्टा. पट्टा काम करतो, मसल सुट्टीवर."

जेवता काय, विचारलं. काय सांगणार? अंकुरला भरवायचं, मग उरेल ते उभ्याउभ्या खायचं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी — उपासच उपास. तो बघतच राहिला. डाळ, दही, पनीर, सोयाबीन, सगळं लिहून दिलं. व्यायाम दाखवले.

"कब तक ठीक होगा?"

"तीन-चार महिने. रोज केलं तर."

"आणि तोवर माझ्या मुलाला कोण उचलणार?"

त्याने फिल्म लिफाफ्यात घातली. 

१६ जानेवारी

पाठीवर निजून कंबर उचलायची, धरून ठेवायची. इतकंच. सगळं अंग थरथरतं. आज तसंच पडून रडले. अंकुर पलंगावरून बघत होता.

२८ जानेवारी

अंकुरने मला हाक मारली होती. मी उठेपर्यंत, भिंत धरत त्याच्यापर्यंत जाईपर्यंत उशीर झाला. पलंगातच झालं त्याचं. दाढी आलेला मुलगा तोंड भिंतीकडे करून हमसून हमसून रडला. "सॉरी, आई." मी वाकून पुसत होते, पाठीत सुरी फिरत होती, आणि तो सॉरी म्हणून राहिला!

दिवाकरनी सकाळी ड्यूटीला जाताना एकदा उचलायचं, संध्याकाळी आल्यावर एकदा. मधला सगळा दिवस तो पलंगात. त्यांचंही वय आहे. दीक्षितपुऱ्यातून एक बाई लावून बघितली, तिसऱ्या दिवशी सोडून गेली. "मुझसे नहीं होगा, दीदी." तिची काय चूक?

देवा, मला आधी नेऊ नको. त्याला आधी ने.

लिहिलं मी हे? लिहिलं. खोडणार नाही.

४ फेब्रुवारी

मी अंकुरला कशी उचलायची ते बघायला अंबरीश घरी आला होता. म्हणाला, आधी याला नीट बघू दे. शर्ट काढला.

मी रोज अंघोळ घालते त्याला! पण अंबरीशने हात वर धरला आणि एकेक बरगडी दिसली. पाठीचे मणके पलंगाला घासून लाल. त्याने दाबलं तसा अंकुर कळवळला.

"काकू, याची पण पाठ दुखते. तुमचंच दुखणं. आधीच मसल कमी, त्यात आता खाणं कमी झालं आहे. खात नाही का?"

खात नव्हता. दोन घास झाले की ओठ मिटून घ्यायचा. मला वाटलं, थंडी, पडून पडून भूक लागत नसेल. आणि खरं सांगायचं तर मला तितका वेळ बसून भरवताच येत नव्हतं.

अंबरीश त्याच्यासमोर उकिडवा बसला. "क्यों भाई, खाना क्यों बंद?"

अंकुरने माझ्याकडे बघितलं नाही. अंबरीशकडे बघून बोलला. त्याला एक शब्द लावायला किती वेळ लागतो!

अंबरीशला कळलं नाही. "क्या बोला, काकू?"

  अंकुर बोलला तेच मी सांगितलं.

"आईला हलका पाहिजे मी."

५ फेब्रुवारी

आज खूप ओरडले त्याच्यावर. आयुष्यात नाही इतकी. मेलास तर हलका होशील, तेच पाहिजे का तुला! मग वाटीभर डाळ-भात भरवला. तो रडत रडत खात होता. त्याचं झाल्यावर तो म्हणाला, "तू." त्याच्यासमोर बसून मीही ताट भरून खाल्लं. उपास संपले. एकादशीबिकादशी सगळं बंद.

२० फेब्रुवारी

पुष्पाताईंचा फोन. सिहोऱ्याच्या अलीकडे अपंग मुलांसाठी राहायची सोय आहे. उचलायला माणसं, डॉक्टर येतो, शिकवतातही. "बेबी, राग नको मानू..."

फोन ठेवून दिला.

दिवाकरनी फोन कोणाचा, कशाचा, विचारलंच नाही. एकदम लक्षात आलं. "तुम्ही बघून आलात?"

"हो. मागच्या रविवारी."

मला काय काय सुचलं बोलायला! कसाई म्हटलं त्यांना.  ते म्हणाले, "उद्या तू पडलीस आणि उठलीच नाहीस, तर? मी कामावरून येईपर्यंत तो हाका मारत राहील. मला फॅक्टरीत दिवसभर तेच दिसत राहतं, बेबी."

जेवण केलं नाही कोणी. नाही, अंकुरला भरवलं.

९ मार्च

हात न टेकता खुर्चीतून उठले! पट्टाही आता कमी वेळ लावते. अंबरीशने टाळ्या वाजवल्या.

तरी उचलायला मनाई. आणि आली ताकद, तरी किती वर्षं पुरेल ती? त्याचं वजन वाढावं म्हणून डाळ भरवते, आणि वाढलं तर उचलणार कशी? डोकं चालेनासं होतं.

१६ मार्च

बघून आलो ते ठिकाण. फक्त या बहीण-भावाची तोंडं बंद व्हावीत म्हणून गेले. फिनेलचा वास. एका माणसाला पट्ट्यांच्या झोळीत घालून मशीनने वर उचलत होते, गोदामातल्या पोत्यासारखं. मी दिवाकरना म्हटलं, "झालं बघून. चला."

अंकुरला शोधलं तर तो कॉम्प्युटरच्या खोलीत. एक मुलगी पायाच्या अंगठ्याने काहीतरी टाइप करत होती आणि हा तिच्याशी बोलत होता. ती थांबून ऐकत होती. त्याला बाहेर आणायला वेळ लागला. परत येताना गाडीत एक शब्द बोलला नाही.

घाबरला असेल. नाही पाठवणार मी. कोण कितीही म्हणो.

१८ मार्च

सकाळी भरवताना अंकुर म्हणाला, "मी तिथे राहतो."

मी चमचा ठेवला. म्हटलं, "माझ्या पाठीसाठी असं काही करू नकोस रे. मी बरी होऊन राहिले ना!"

त्याने मान हलवली. सावकाश, एकेक शब्द लावत —

"पाठीसाठी नाही, आई. मला जायचंय."