भावजींचा लसूण

भावजी,

तुम्ही दिल्लीत व्यापार खात्यात मोठे साहेब होतात तेव्हा, नेमका आमचा लसूण काढणीला आला आणि तुम्ही बाहेरच्या लसणावरचा आयात कर उठवलात. भाव कोसळला. मी जाब विचारला, तर हसून म्हणालात, "वहिनी, शहरातल्यांनी स्वस्त खाऊच नये का?" आम्ही उभ्या पिकावर नांगर फिरवला.

आता निवृत्त होऊन तुम्हीही लसूणच लावलात. माळ्यावर जुड्या टांगून भावाची वाट बघत बसलात. काल विचारलंत, "वहिनी, विकू की थांबू?"

बंदरावर कामाला असलेला माझा भाऊ परवाच सांगत होता, परदेशी लसणासाठी गोदामं रिकामी करताहेत. कर पुन्हा उठतोय. आज विकलात तर वाचाल.

मी मात्र काल "थांबा" म्हणाले. हे पत्र चुलीत जाईल.

शहरातल्यांनी स्वस्त खाऊच नये का?

तुमचीच,
वहिनी