आत्याचा तिसरा कोविड

निर्मळ,
४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. जेसिका हिस,

रिटाआत्याचे अ. उ. आ. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तू ओरडलीस की बाळ उठतं, म्हणून हे पत्र विरारला भाजी विकायला येणाऱ्या स्टॅनीच्या टोपलीतून धाडतेय. सोबत राजेळी केळ्यांची फणी आहे. तुझ्या नवऱ्यानं, केनीनं, हात लावायच्या आधी तू खा.

रविवारी बाप्तिस्म्याला तुझ्या रोवेनाला मीच धरणार, उगाच नाही गॉडमदर झाले! जरा घसा बसलाय, अंग कसकसतंय, काढा घेतेय. कोविड म्हणशील तर तो मला दोनदा होऊन गेलाय, आता माझ्या दारात कशाला येईल? त्या भरवशावरच तर आळीतल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी बसले. शनिवारीच मुक्कामाला येते.

लोभाबरोबर सुंठही तयार ठेव.
तुझी रिटाआत्या

मनवेलपाडा, विरार,
५ फेब्रुवारी २०२५

ती. रिटाआत्यास,

सा. न. वि. वि. केळी पोचली, अर्धी संपलीही. पण आत्या, दोनदा झाला म्हणजे तिसऱ्यांदा होत नाही, हे तुला कुणी सांगितलं? आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रतिकारशक्ती काही महिन्यांत ओसरते, विषाणूही रूप पालटतो, त्यामुळे तोच आजार पुन्हा पुन्हा होतो. मोठ्यांचं निभावतं, पण तीन आठवड्यांच्या बाळाला जपावं लागतं.

ममीला कोविड झाला तेव्हा आमच्या घरात पाऊल ठेवणारी तू एकटीच होतीस. त्याच तुला येऊ नकोस म्हणताना मला रडू येतंय. आधी तपासणी कर, आत्या.

रागावलीस तरी आशीर्वाद आवरू नकोस.
तुझी जेसिका

निर्मळ,
७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. जेसिका हिस,

अ. उ. आ. तपासणी केली. दोन रेघा! एक दिवस तुझ्यावर रागावले, एक दिवस त्या रेघांवर.

फादरांना निरोप धाडून विचारलं. गॉडमदर आजारी असली तर तिच्या वतीनं दुसरं कुणी बाळाला धरलं तरी चालतं म्हणे, नोंदवहीत नाव माझंच. तुझ्या सासूला सांग. तुमच्या लग्नातल्या जेवणावरून नॅन्सीचं नि माझं वाजलं ते वाजलं, पण घरात दुसरं आहे कोण? फक्त मानेखाली हात नीट धरायला सांग. केनीचं डोकं मागून चपटं आहे ते उगाच नाही.

कुणी आजारी पडलं की धावत जायचं, एवढीच माया मला ठाऊक होती. दार लावून घरात बसणं जास्त जड जातंय गं. रविवारी तिथे चर्चमध्ये दहाचा मिस्सा सुरू झाला की मीही इथे घरात उभी राहीन. हात रिकामे असतील, एवढंच.

लोभ या खेपेला लांबूनच.
तुझी रिटाआत्या