दुधाच्या बाटलीवर मिळालेलं घड्याळ

रनाँ, ३ मार्च

ती. ओदेत आत्याला ओरियानचा शि. सा. न.

काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. एलियोमुळे नाही, तो बिचारा झोपला होता. संध्याकाळी लोझानच्या शेर्पियो घड्याळवाल्यांकडून फोन आला. बाईनं माझं अख्खं नाव घेतलं आणि ओळखपत्र घेऊन दुकानात या म्हणाली. मी घाबरून हो हो म्हटलं आणि फोन ठेवून दिला. कशाला ते विचारलंच नाही.

आता खरं काय ते सांगते. जानेवारीत मी एलियोला बाबागाडीत घालून लोझानला गेले होते. बर्फाचा मारा सुरू झाला, हा भोकाड पसरून रडायला लागला, म्हणून त्या दुकानात शिरले. मालकीणबाईनं मला सोफ्यावर बसवलं, बाटलीसाठी गरम पाणी स्वतः आणून दिलं. एलियो तिच्या हातातल्या घड्याळाशी खेळत बसला. एवढं झाल्यावर तसंच उठून यायची लाज वाटली. मग काचेतल्या एका स्टीलच्या घड्याळाकडे बोट केलं आणि छान आहे म्हटलं. ती म्हणाली ते नुसतं बघायला ठेवलंय, विकायला नाही, पण तुमचं नाव लिहून ठेवते. मी लिहू दिलं.

आता वाटतंय एलियोनं काही उचललं असणार. बॅग उलटी केली, बाबागाडीची गादी उसवली. तुझा जावई नुनो हसतोय. म्हणतो, पोरानं गिळलं असतं तर एव्हाना टिकटिक ऐकू आली असती. ह्या माणसाला कशाचं काही नाही. पोलीस आले तर पोराला कोण बघेल, मला तेच सुचतंय.

लवकर लिही. जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझी ओरियान


ल सांतिए, ५ मार्च

चि. सौ. ओरियानला अ. आ.

अगं वेडाबाई, चोरी झाली असती तर त्या बाईनं तुला ओळखपत्र आणायला सांगितलं असतं का? ते तुला घड्याळ देतायत! फुकट नाही, नऊ हजार फ्रँक मोजून. पण त्या नऊ हजारात मिळण्यासाठीच तर लोक मरतात. पुढच्या गल्लीत वापरलेली घड्याळं विकणाऱ्याकडे तेच एकोणीस हजाराला आहे. म्हणून दुकानवाले माणूस बघून देतात, कोण हातात घालेल आणि कोण बाहेर जाऊन विकेल ते.

मी कारखान्यात ह्याच घड्याळांचे काटे बसवायचे तेव्हा शनिवारी कोणीही उठून एक घेऊन यायचं, वर घासाघीसही करायचं. आता तुझा दादा बघ, आपला रेमी. सहा वर्षं त्याच दुकानात खेटे घालतोय. बाईची मर्जी राहावी म्हणून त्यानं भिंतीवरचं घड्याळ घेतलं, कानातले घेतले. घरात बायको नाही, कान आणायचे कुठून? ते कानातले घालून मी कोंबड्यांना दाणे टाकते. कोंबड्यांवर छाप पडलीय.

जा आणि विचारून ये. रेमीला तूच सांग, पोट धरून हसेल.

एलियोला पापा. म्हातारीची आठवण ठेवा.

आत्या


रनाँ, ११ मार्च

ती. आत्याला शि. सा. न.

दादा हसला नाही.

दुकानात गेले होते. मादाम शेर्पियो म्हणाली, घड्याळ एकवीस तारखेपर्यंत तुमच्यासाठी ठेवते. माझ्याच मनगटावर घालायचं, वरची प्लास्टिकची सालं तिथंच काढायची, हमीच्या कार्डावर नाव माझं. विकलं तर आमच्या घरातल्या कोणालाच पुन्हा काही मिळायचं नाही. नुनोनं एक संध्याकाळ कर्ज काढून घ्यायचं, विकायचं आणि नवी गाडी आणायची, असे बेत केले. मग स्वतःच म्हणाला, जाऊ दे, रेमीच्या तोंडचा घास आहे तो.

मी आनंदानं दादाला फोन केला. तो किती वेळ गप्पच. मग म्हणाला, "सहा वर्षं मी, आणि तुला एका दुधाच्या बाटलीवर?" आणि ठेवला. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही, नुनोचाही नाही. काल निरोप आला, एलियोच्या बाप्तिस्म्याला दुसरा धर्मपिता बघा म्हणून.

आत्या, मला भीती वाटते. आईबाबा गेले, आता माझं माहेर म्हणजे तोच. बाबा तीस वर्षं त्याच घड्याळांच्या कारखान्यात पट्ट्याच्या कड्या घासत होते, त्यांना एक घड्याळ घेता आलं नाही. दादाला ते बाबांसाठी हवंय. मला तर वेळ बघायला फोन पुरतो. मी काय करू ते सांग.

माया पातळ होऊ देऊ नको.

ओरियान


ल सांतिए, १३ मार्च

चि. ओरियानला अ. आ.

हसेल म्हणाले ते माझं चुकलं. ज्याला सहा वर्षं नुसतं 'बघू' ऐकायला मिळालं त्याला हसू कुठून येणार? तू बाईकडे जा आणि मला लिहिलंस तसंच्या तसं तिला सांग. लाजेपोटी नाव लिहू दिलंस ते सांग, बाबांचंही सांग. वाईट वाटून काय करेल, घड्याळ काढून घेईल? ते तुला नकोच आहे.

सोमवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मग डोळ्याला पट्टी. तुझं पत्र घरी येणारी नर्स नाहीतर शेजारीण, कोणीतरी माझ्या कानात ओरडून वाचेल. म्हणजे अर्ध्या गावाला ऐकू जाईल. नुनोच्या घोरण्याबद्दल काही लिहू नकोस.

सगळ्यांना आशीर्वाद.

आत्या


रनाँ, १७ मार्च

ती. आत्याला शि. सा. न., आणि वाचून दाखवणाऱ्यालाही नमस्कार.

तुझा डोळा कसा आहे? कोंबड्यांना दुसरं कोणी दाणे टाकू दे, तू वाकू नकोस.

काल गेले. घाबरत घाबरत सगळं सांगितलं. नाव लाजेपोटी लिहू दिलं हे ऐकून मादाम इतकी हसली की डोळ्यांतलं काजळ गालावर आलं. म्हणाली, ह्या दुकानात लोक मला काय काय सांगतात, पण हे पहिल्यांदाच ऐकतेय. मग मी बाबांचं सांगितलं, तेव्हा ती हसायची थांबली.

तिला काहीच माहीत नव्हतं, आत्या. दादा दर महिन्याला जायचा आणि आज बाहेर घड्याळ कितीला आहे तेच सांगत बसायचा. तिला वाटलं हा घेईल आणि दुसऱ्या दिवशी विकेल. म्हणून ती देत नव्हती. मी म्हटलं, अहो, बाबांचं नाव निघालं की त्याला बोलता येत नाही, म्हणून तो किमतीचं बोलतो.

ती म्हणाली, यादीतला तुमचा नंबर भावाला देता येत नाही. पण तुम्ही सोडलंत की पुढे कोणाला द्यायचं ते मी ठरवते. शनिवारी दुकान बंद व्हायच्या आत तो स्वतः आला तर घड्याळ त्याचं. तिनं माझ्यासमोरच त्याला फोन लावला, पण रागात त्यानं दुकानाचाही नंबर बंद केलेला दिसतोय. घरी जावं तर तो शुक्रवारपर्यंत ट्रक घेऊन जर्मनीत.

मी ठीक आहे. एलियोला दुसरा दात येतोय, त्यामुळे नुनोचीही झोप उडालीय. बरंच झालं.

आठवणीत ठेव.

तुझी ओरियान

ता. क. हे तुमच्यासाठी, जो कोणी वाचत असाल त्याच्यासाठी. आत्याला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. दादा अनोळखी नंबर उचलतो, कामाचे फोन असतात, पण माझा आवाज ऐकला की ठेवून देईल. नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय, नाव रेमी. घड्याळाचं आधी काढू नका, ठेवून देईल. आधी सांगा की एलियोच्या धर्मपित्याची जागा रिकामी आहे आणि आम्ही दुसऱ्या कोणालाही विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तो गप्प बसेल. तुम्हाला वाटेल फोन कट झाला, तसं नसतं, तो तिथंच असतो. थोडं थांबा. मग शनिवारचं सांगा. शनिवारला नाही म्हणाला तरी चालेल, धर्मपित्याच्या गोष्टीला हो म्हणतो का तेवढं बघा. आत्याला पुन्हा वाचायचं असेल तर नंतर वाचा, आधी माझ्या भावाला फोन करा.