मशीन बंद न करता

९ मार्च, सकाळचे दहा

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, तिकडेही ठीक असाल असं धरून चालते. ‘पत्रास कारण की’ लिहायचं आणि खरं कारण सोडून बाकी सगळं सांगायचं, ही आपल्या घराची जुनी खोड. तेव्हा मीही आधी इकडचंच सांगते.

तुझे भावोजी निवृत्त झाल्यापासून टीव्हीसमोर हजेरी लावतात. कान कमी झालाय हे त्यांना कबूल नाही, म्हणून सगळी इमारत त्यांच्याबरोबर बातम्या ऐकते. वरच्या मजल्यावर फरशी बदलणं चाललंय. पुढच्या खोलीत माझी दोन शिलाई मशिनं आणि एक ओव्हरलॉक. शाळेच्या गणवेशांचा हंगाम आहे, त्यामुळे दिवसभर घरघर.

आणि या सगळ्यात मी एक भाषा शिकते आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी. हसू नकोस. कुठली, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझ्या बायकोची.

वर्ष झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी एक बाई फोनवर शिकवतात, बाकीचे दिवस त्यांनी पाठवलेले धडे ऐकायचे. सुरुवातीला मी आवाजाशी भांडले. कानात कापूस घातला, तर धडाही ऐकू येईना. फरशीवाल्याला जाऊन सांगितलं. तो अगदी नम्रपणे म्हणाला, “ताई, फरशी काय मुकाट्याने बसते होय?” तुझ्या भावोजींना टीव्ही कमी करा म्हटलं. “कमीच आहे,” असं ते ओरडून म्हणाले.

मग मी मागच्या खोलीत शिरले. तिथे कापडाचे तागे छतापर्यंत रचलेत आणि कापड आवाज गिळतं. स्टूल टाकून मधोमध बसायचं आणि मोठ्याने वाक्यं म्हणायची. एकदा शाळेच्या मुख्याध्यापिका नमुने बघायला आल्या, तर आमच्या काज-बटणवाल्या मावशींनी त्यांना सांगितलं, “थांबा जरा, ताई आत कापडाशी बोलतायत.” तेव्हापासून त्या मापं फोनवरच देतात.

सहा महिन्यांत मला वाटलं, जमलं. परीक्षा घ्यायची म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी मुद्दाम बसथांब्यावरून फोन केला. मागे हॉर्न, माणसं, कुणाचं तरी रडणारं मूल. मला एक अक्षर कळलं नाही. सगळी पोपटपंची हवेत उडाली. बाई म्हणाल्या, “तुम्ही बंद खोलीत शिकलात. बंद खोलीत तुमच्याशी बोलणार कोण? उद्यापासून मशीन चालू करा आणि मग धडा लावा.”

झालं, मीही इरेला पेटले. एका शिवणीला एक वाक्य. सुई कापडात गेली की वाक्य ऐकायचं आणि दोरा तोडेपर्यंत ते म्हणून दाखवायचं. पहिल्या आठवड्यात एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. उसवून पुन्हा लावल्या, पण वाक्य बरोबर आलं होतं. हळूहळू कान शहाणा झाला. गुंत्यातून हवा तो दोरा बोटांना बरोबर सापडतो ना, तसं. टीव्ही चालू, फरशी चालू, मशीन चालू, आणि त्यातून मला हवा तोच आवाज मी उचलते. गेल्या महिन्यात बाईंनी भर बाजारातून फोन केला. मी पंधरा मिनिटं बोलले, तेही मशीन बंद न करता. बाई म्हणाल्या, आता तुम्हाला माणसांत सोडायला हरकत नाही.

इथे उठले होते. मावशींना बटणं काढून दिली, एक पेला पाणी प्यायले, तुझ्या भावोजींशी विनाकारण वाद घातला. नमनाला घडाभर तेल झालं, आता लिहायलाच हवं.

तीन वर्षांपूर्वी आई इथे माझ्याकडे अंथरुणावर होती आणि तुम्ही दोघं आला होतात. तुझी बायको दुपारी भांडी घासताना खांद्याशी फोन धरून तिच्या आईशी बोलायची. मोठमोठ्याने, खिदळत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिच्यादेखत तुला म्हणाले, “हा कलकलाट बंद करायला सांग तिला. आईला झोप लागत नाही.” शब्द तिला कळले नाहीत, चेहरा कळला. तिने फोन ठेवला. पुढचे चार दिवस ती घरात कुणाशीच बोलली नाही. आई गेली तेव्हा तू एकटाच आलास.

हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते पुढचं.

त्या दुपारी मी आईच्या खोलीत गेले. आई टक्क जागी होती. म्हणाली, “का गं, ती बोलायची का थांबली?” मी म्हटलं, तुला त्रास होत होता ना. “मला कसला त्रास? मला कळत काही नाही, पण पोर आपल्या आईशी हसून बोलतेय, ऐकायला बरं वाटतं. तिला सांग, बोल म्हणावं.”

मी सांगते म्हटलं. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. ती झोपलीय, असं मी दर वेळी सांगितलं. मग तुम्ही निघालात. आई चार महिने राहिली, आणि त्या चार महिन्यांत तिने विचारणं सोडून दिलं.

माझ्या मशीनची घरघर आईला चौदा वर्षं चालली, आणि तुझ्या बायकोचं बोलणं मला चार दुपारी चाललं नाही. आईच्या झोपेचं मी नुसतं निमित्त केलं होतं. खरं सांगू? हेवा वाटला मला. मी आईचं औषधपाणी केलं, कूस बदलली, सगळं केलं. पण तिच्याशी असं हसून मी कधी बोलले नाही.

आता तू म्हणशील, मी सांगतो तिला. नको. तू मध्ये पडलास की सगळं गुळगुळीत करतोस, लहानपणापासून. आईने निरोप माझ्याकडे दिला होता, तो मीच पोचवणार. तिच्या भाषेत मी तो लिहून काढलाय. बाईंनी दोनदा दुरुस्त केला, आणि दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, हे कुणाला सांगायचंय? मी म्हटलं, भावजयीला.

येत्या रविवारी अकरा वाजता फोन करीन. तो तिच्या हातात दे आणि तू एक चक्कर मारून ये. तिला माझ्याशी बोलायचं नसेल, तर तेही तिनेच सांगावं. तिच्या भाषेत, आणि जितक्या मोठ्याने सांगावंसं वाटेल तितक्या मोठ्याने. मला कळेल.

तुझी ताई,
आणि ती म्हणाली तर, तिची नणंद